लाकडाआधी माती

पुरस्कर्ता : लाकडात कोरायचे काम आधी मातीत करून पाहावे, याचे कारण सरळ आहे. पटाशीने उडालेली ढलपी पुन्हा बसवता येत नाही. नाकाचा शेंडा एकदा गेला की उरलेला चेहरा त्या मानाने मागे न्यावा लागतो. गाल, ओठ, डोळ्यांच्या खोबणी, सगळेच. ठोकळ्यात तेवढी जाडी शिल्लक नसेल तर काम तिथेच संपते आणि मुरवून ठेवलेले लाकूड सरपणात जाते. कागदावर चित्र काढून घेतल्याने हा धोका टळत नाही, कारण चित्राला लांबी-रुंदी असते, खोली नसते. गावच्या पालखीचा दांडा नवा करायचा आहे आणि त्याच्या टोकाला वीतभर लांबीचे सिंहमुख कोरायचे आहे, असे धरू. समोरून काढलेले चित्र कितीही सुबक असले तरी नाकपुडी कपाळापेक्षा किती पुढे, जबडा मानेला कुठे मिळतो, आयाळ कुठून उचलायला सुरुवात करायची, हे ते सांगत नाही. मातीचा गोळा हाती घेतला की हेच प्रश्न थोड्या वेळात सुटतात, आणि उत्तर चुकले तर माती दाबून पुन्हा सुरुवात करता येते. वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात तर ही सोय हाताशीच आहे. गुहागर तालुक्याच्या या पट्ट्यात गणपतीआधी कारखान्यांतून माती मळली जाते, आणि त्याच मुलखातले सुतार दारांच्या चौकटी, देव्हारे आणि पालख्या घडवतात. माती कळणारा हात आणि लाकूड कळणारा हात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी एकमेकांचे घेतले नाही तर ते नुकसानच.

शंकेखोर : दोन्ही हात शेजारी असले तरी ते उलट्या दिशांनी चालतात. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती कशी वाढते ते पाहावे. आधी पाट, त्यावर बैठक, मग पोटाचा गोळा, खांदे, त्यावर डोके. सोंड आणि हात नंतर चिकटवले जातात. आकार आतून बाहेर वाढतो. लाकडात तो बाहेरून आत शिरतो. मातीत नाक चेहऱ्यावर शेवटी लावले तरी चालते. लाकडात नाक सर्वांत आधी ठरवावे लागते, कारण ते सर्वांत बाहेर असते. म्हणजे मातीत ज्या क्रमाने विचार होतो, तो क्रम लाकडापुढे बसल्यावर उलटा करावा लागतो, आणि नवशिक्याला नेमके तेच जमत नाही. मातीच्या नमुन्याची खरी जागा ओतकामात आहे. विनायक पांडुरंग करमरकरांनी पुण्यासाठी केलेला 1928 सालचा अश्वारूढ शिवाजी ब्राँझचा आहे. तिथे धातू वितळून मातीवरून काढलेल्या साच्यात शिरतो आणि बोटाचा दाबसुद्धा जसाच्या तसा उचलतो. गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमध्ये आहे. तीही मातीचीच पुढची पायरी. लाकूड कशातच वितळत नाही. आपल्या जुन्या ग्रंथांनाही हा फरक ठाऊक होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीच्या लाकडासाठी वनात जाण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कोणते झाड घ्यावे, कोणते टाळावे हे तिथे सांगितले आहे. शिवाय झाडाच्या दिशा आणि शेंडा-बुंधा यांच्या खुणा तोडण्याआधीच करून ठेवाव्यात, म्हणजे मूर्ती झाड जसे उभे होते तशीच स्थापता येईल, असेही सांगितले आहे. तिथे कामाची सुरुवात झाडापासून होते.

पुरस्कर्ता : केवळ काढून टाकत जाणे हा लाकडाचा एकट्याचा धर्म नाही. दगडातही काहीच परत लावता येत नाही, तरी दगडाच्या शिल्पकारांनी मातीचा नमुना सोडलेला नाही. शिर्डीच्या समाधिमंदिरात 1954 साली बसवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांची. तिचेही रूप आधी मातीत ठरले आणि मग संगमरवरात उतरले. इटलीत सोळाव्या शतकात वसारीने मायकेलअँजेलोची म्हणून एक रीत सांगितली आहे. मेणाचा नमुना पाण्याच्या भांड्यात आडवा ठेवावा आणि हळूहळू वर उचलावा. जे भाग आधी पाण्याबाहेर येतात ते दगडात आधी कोरावेत, बाकीचे नंतर. तुम्ही जो उलटा क्रम म्हणता तो या रीतीने सुलटा होतो. पाण्याची पातळी हीच कोरणाऱ्याची पातळी ठरते. आणि माती लावत लावतच वाढवली पाहिजे असा काही नियम नाही. लाकडी ठोकळ्याच्या मापाचा मातीचा ठोकळा थापावा, त्याला थोडा कडक होऊ द्यावा, आणि मग तारेने व कोरणीने फक्त काढत जावे, एकदाही काही लावू नये. अशा सरावात पटाशीचा सगळा क्रम आधीच होऊन जातो.

शंकेखोर : दगडाचे उदाहरण जिथे तुटते तिथेच लाकडाचे खरे अवघडपण सुरू होते. चांगला संगमरवर आडवा-उभा जवळजवळ सारखाच वागतो. लाकडाला रेषे असतात आणि त्याची ताकद त्या रेषांच्या दिशेतच असते. सिंहमुखाकडेच पुन्हा पाहू. दांड्यात रेषे लांबीला धावतात. मुस्कट त्याच दिशेने पुढे येते, म्हणून ते मजबूत. बाहेर काढलेली जीभही टिकेल, कारण तीही रेषांच्या बरोबर जाते. कान मात्र रेषांना आडवे उठतात. अर्धा इंच जाडीच्या उभ्या कानात एकही रेषा बुडापासून टोकापर्यंत सलग जात नाही. सगळे मध्येच कापलेले आणि एकमेकांना फक्त कडेने धरून असलेले. वरच्या जबड्यातून खाली येणाऱ्या सुळ्यांचेही तेच. नाकपुड्यांसमोरचा भाग म्हणजे रेषांची कापलेली टोके. तिथे पटाशीची धार जराशी बोथट असली तरी लाकूड कापले न जाता चुरते. आता ही पालखी जाते कुठे? शिमग्यात ती खांद्यांवर घेऊन नाचवतात, अंगणाअंगणात फिरवतात, दाराच्या चौकटीला, माडाच्या खोडाला तिचे टोक लागते. मातीतला उभा कान देखणा दिसेल आणि सगळ्यांना पसंतही पडेल. लाकडातला तोच कान पहिल्याच शिमग्यात जाईल. मातीने याची सूचना दिली नाही, कारण मातीला रेषेच नाहीत. मातीचा नमुना इथे खोटी हमी देतो, हा खरा आक्षेप आहे.

पुरस्कर्ता : हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. पण त्यावर इलाज आहे. मातीच्या ठोकळ्यावर आधीच खराट्याच्या काडीने लांबीच्या दिशेने ओरखडे काढून ठेवावेत. कोरत गेले की ते पुसले जातात. प्रत्येक टप्प्याला ते पुन्हा काढावेत. मग कान उभा केला की त्यावरचे ओरखडे आडवे येतात आणि डोळ्याला खटकतात. तो कान मागे दुमडून आयाळीत मिसळला की ओरखडे त्याच्या लांबीने जातात. सुळे वेगळे सुटे न ठेवता खालच्या ओठाला टेकवले, म्हणजे दोन्ही टोकांनी धरले, तर तेही वाचतात. हे तीन-चार पर्याय शेजारीशेजारी करून पाहणे मातीतच शक्य आहे. चिडलेला सिंह कान मागे टाकतो, हेही इथे कामाला येते. दुमडलेल्या कानांनी मुखाची उग्रता कमी होत नाही, उलट वाढते. लाकडाची अडचण आणि रूपाची गरज एकाच जागी मिळाल्या, आणि ती जागा मातीत सापडली. त्यानंतर मापे उतरवणे हे कष्टाचे पण सोपे काम. नमुन्याच्या दोन कडांवर सरळ पट्टी टेकवायची, पट्टीपासून डोळ्याच्या खोबणीपर्यंत किती खोल ते काडीने मोजायचे, आणि लाकडावर त्याच जागी तेवढेच खोल भोक गिरमिटाने पाडायचे. खरे तर केसभर कमी. भोकाचा तळ दिसू लागला की मोगरी खाली ठेवायची. बाजूची रेषा पुठ्ठ्यावर उतरवून त्याचा फर्मा कापून ठेवायचा.

शंकेखोर : ओरखडे काढणाऱ्याला रेषे कळत असतील तरच ते उपयोगी. ज्याला कळतात त्याला ओरखड्यांची गरज उरत नाही. मग सराव लाकडातच का करू नये? पांगाऱ्याचे लाकूड हलके, मऊ आणि स्वस्त. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळे-भाज्या याच पांगाऱ्यावर वाढल्या. त्याचा एक तुकडा घेऊन सिंहमुख एकदा कोरून पाहावे. कान मोडायचा असेल तर तिथे मोडेल, आणि पुढच्या वेळी हात आपोआप सावध होईल. आपल्या परंपरेत नियोजन नव्हते असेही नाही, फक्त ते मातीत नव्हते. मूर्तीची मापे तालमानाने, म्हणजे चेहऱ्याच्या लांबीच्या पटीत ठरत. ठोकळ्यावर मधोमध लंबसूत्र आखायचे, आडव्या रेघांनी ताल पाडायचे, चारही बाजूंवर चारही बाजूंची रूपे रेखायची आणि मग हत्यार उचलायचे. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले सुरूचे खांब आणि केळफुले पाहावीत. तिथे एकच रूप पुन्हा पुन्हा कोरायचे आहे. पहिला खांब उरलेल्या सगळ्या खांबांचा नमुना झाला. गोव्याच्या चर्चमधल्या लाकडी वेदींवर इथल्याच कारागिरांनी युरोपातून आलेली चित्रे पाहून संत आणि देवदूत कोरले. कागदावरून थेट लाकडात जाणारा डोळा या लोकांकडे होता. मातीची सवय लागली की तो डोळा तयार होत नाही.

पुरस्कर्ता : तो डोळा कुठून आला होता, हे विसरून चालणार नाही. सुताराचा मुलगा लहानपणापासून बापाच्या शेजारी बसत होता, एकच केळफूल वर्षानुवर्षे पाहत होता, आणि त्याने कोरायला घेतलेले रूप त्याच्या आधी शेकडो वेळा कोरले गेलेले होते. त्याच्यासाठी मागचे सगळे काम हाच नमुना होता. आज पटाशी हाती घेणाऱ्याकडे तसे घर नसते, आणि मागितले जाणारे रूपही दरवेळी नवे असते. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा 1857 साली निघाली. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे आले तेव्हा इमारतींवरच्या शिल्पकामासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना मातीतून शिकवले. वंशपरंपरेने जे वीस वर्षांत मिळत असे ते थोड्या वर्षांत द्यायचे, तर हाताला चुका करायला स्वस्त जागा हवी होती. पांगाऱ्याचा तुकडा स्वस्त असला तरी एका सिंहमुखाला त्यात दिवस जातात, आणि त्यातला चुकलेला कान चुकलेलाच राहतो. उथळ नक्षीला, वेलबुट्टीला मातीची गरज नाही, हे कबूल. कातावर फिरवलेल्या फळांनाही नाही. गरज आहे ती चोहोबाजूंनी पाहायच्या रूपाला, आणि त्यातही जे आधी कुणी कोरलेले नाही अशाला.

शंकेखोर : जे चुकलेलेच राहते, त्यातूनच लाकूडकाम शिकता येते. परत लावता येते ही सवय हाताला लागली की प्रत्येक घाव थोडा सैल पडतो. दुसरी गोष्ट, लाकूड स्वतः बोलते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या फणसाच्या ठोकळ्यात दोन बोटे आत गाठ निघते, सागात एखादी बारीक चीर निघते. ज्याने आधी काहीच पक्के ठरवलेले नाही तो त्या गाठीचा डोळा करतो, चिरेला आयाळीच्या खाचेत लपवतो. ज्याच्या समोर मातीचे पूर्ण झालेले मुख ठेवलेले आहे, तो त्याच मुखाला लाकडात बसवण्याचा हट्ट धरतो. तिसरी गोष्ट हवेची. माती वाळताना आकसते. सगळीकडून थोडी थोडी, आणि पातळ भागात आधी, म्हणून कान आणि ओठ तडकतात. काल घेतलेले माप आज बसत नाही. लाकूडही आकसते, पण त्याचा हिशेब वेगळा. सागाचा ओला ठोकळा पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेने साधारण 5 ते 6 टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीकडे त्याच्या निम्म्याहून कमी, आणि लांबीला जवळपास नाहीच. म्हणून नीट न मुरलेल्या लाकडातला गोल चेहरा पुढे किंचित चपटा होतो. समुद्रकाठच्या गावात हे वर्षभर चालू असते. पावसाळ्यात दारे फुगतात, माघ-फाल्गुनात सैल होतात. सगळ्या बाजूंनी सारखी आकसणारी माती या दिशांबद्दल काहीच शिकवत नाही.

पुरस्कर्ता : मापाची अडचण तेलात मळलेल्या मातीने सुटते. विल्यम हारबट यांनी 1897 च्या सुमारास इंग्लंडमध्ये काढलेले प्लॅस्टिसीन याच जातीचे. ते वाळत नाही, म्हणून आकसतही नाही. वैशाखाच्या उकाड्यात ते मऊ पडते, एवढीच काळजी घ्यावी लागते. पण तुमच्या हट्टाच्या मुद्द्याचे उत्तर पदार्थात नाही, नमुना किती पुरा करायचा यात आहे. मातीत डोळ्यांची बुबुळे, मिशांचे केस, आयाळीचे पीळ करायचेच नाहीत. फक्त मोठे उतार ठरवायचे: कपाळ कुठे संपते, मुस्कट कुठे सुरू होते, सर्वांत खोल जागा कोणती आणि सर्वांत उंच कोणती. एवढे झाले की थांबायचे. त्यापुढचे सगळे लाकडासाठी मोकळे सोडायचे. अशा अर्धवट नमुन्यासमोर बसणाऱ्याला गाठ लागली तरी डोळा सरकवायला जागा असते. शिवाय एक गोष्ट अजून बोललोच नाही. पालखी कारागिराची नसते, गावाची असते. गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना काम सुरू होण्याआधी काय होणार ते कळले पाहिजे. चित्र वाचणे सगळ्यांना जमत नाही. मातीचे मुख पाटावर ठेवले की म्हातारी माणसेही भोवती फिरून बोलतात, जुन्या पालखीचे मुख असे नव्हते, जबडा अजून उघडा होता, असे सांगतात. लाकडाला हत्यार लागण्याआधी हे बोलणे होते, हा मातीचा मोठा उपकार.

शंकेखोर : आणि तिथेच ती कारागिराला बांधून टाकते. चार माणसांनी पाहून होकार दिलेले रूप हा मग करार होतो. मानकऱ्यांना अर्धवट उतार दाखवून चालत नाही. त्यांना डोळे हवेत, दात हवेत, म्हणजे नमुना पुरा करावाच लागतो. तुमच्या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत: कारागिरासाठी अर्धा नमुना आणि गावासाठी पुरा. त्याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. मोठ्या उतारांवर थांबा म्हणणे ठीक, पण उतार कुठे संपतो आणि बारकावा कुठे सुरू होतो, हे लाकडागणिक बदलते. पांगाऱ्यात बारीक कड टिकत नाही, म्हणून तिथे उतारही गोलसर ठेवावे लागतात. मुरलेल्या सागात धारदार कड टिकते. शिवण सगळ्यात सोशिक. ती आकसते कमी आणि हत्याराखाली नमते. मातीत कुठे थांबायचे हे समजायला त्या त्या लाकडाची ओळख आधी हवी. ज्याला ती नाही त्यालाच मातीची सर्वांत जास्त गरज, आणि कुठे थांबावे हे त्यालाच सांगता येत नाही.

पुरस्कर्ता : या पेचातून पूर्ण सुटका नाही, हे मान्य. पण तो पेच मातीचा नाही, शिकण्याचाच आहे. माती बाजूला ठेवली तरी लाकूड न ओळखणारा माणूस लाकूड न ओळखणाराच राहतो. फक्त त्याच्या चुका महाग होतात. म्हणून नवशिक्याने दोन्ही बरोबर करावे. मातीत मुखाचे उतार, आणि त्याच आठवड्यात, ज्या लाकडात काम करायचे त्याच्याच उरलेल्या तुकड्यात फक्त एक कान आणि एक सुळा. संपूर्ण मुख नव्हे. मातीने रूप सांगावे, तुकड्याने मोडण्याची जागा सांगावी, आणि दोघांची साक्ष जुळेल तेवढेच दांड्यावर रेखावे. गावासाठी लागणारा पुरा नमुना वेगळा करावा आणि तो दाखवताना स्पष्ट सांगावे की कान आणि सुळे लाकूड पाहून बदलतील. मानकरी समंजस असतात. मोडक्या कानाची पालखी त्यांनाही नको असते.

शंकेखोर : उरलेल्या तुकड्यात एक कान, ही अट मान्य. तीच आधी असती तर निम्मा वाद झाला नसता. पण साक्षी जुळल्या नाहीत तर कोणाचे ऐकायचे, हे तुम्ही सांगितलेले नाही. मातीत कान थोडा उचललेलाच शोभतो आणि तुकडा सांगतो की तो आयाळीत पुरा गाडा. अशा वेळी एकजण रूपासाठी धोका पत्करतो, दुसरा टिकाऊपणासाठी रूप सोडतो. दोन्ही प्रकारची कामे देवळांतून दिसतात.

पुरस्कर्ता : ते कोरणाऱ्यावरच राहील. ऋतूंचा हिशेब मात्र आधी जमवता येतो. माती मिळते ती आषाढ-श्रावणात, कारखाने चालू असताना. आणि तेव्हा हवा इतकी दमट असते की ओल्या फडक्याखाली नमुना बरेच दिवस मऊ राहतो. दांडा कोरायचा तो दिवाळीनंतर, हवा कोरडी पडल्यावर, म्हणजे फाल्गुनातल्या शिमग्याला पालखी तयार होते. मध्ये दोन-तीन महिने जातात आणि तोवर मातीचे मुख तडकलेले असते. म्हणून ते ओले असतानाच त्याचे तीन फर्मे पुठ्ठ्यावर कापून ठेवावेत: बाजूचा, समोरचा आणि वरचा. खोलीची मापेही त्याच दिवशी त्यांच्यावर लिहावीत.

शंकेखोर : फर्मे तीनच ठेवावेत. कानांचा चौथा कापू नये. दांड्याचे लाकूड समोर येऊन त्याचे रेषे पाहिले जाईपर्यंत कान ठरवता येत नाहीत.